एका टोमण्याची गोष्ट



गेले तीन-चार महिने बॉस्वेलनं लिहिलेलं डॉ. जॉन्सनचं चरित्र वाचतोय. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं, त्यामुळे एवढं जाडजूड इंग्रजी पुस्तक म्हणजे एका हाताशी शब्दकोश आणि दिवसाला चार पानं असा कारभार. घरचे विचारतात, "अजून तेच चाललंय का?" हो, अजून तेच! आणि खरं सांगायचं तर पुस्तक मागे पडायला कारण झालं ते त्यातलं एक उपरं पात्र. ज्युसेप्पे बारेत्ती नावाचा एक इटालियन गृहस्थ त्यात मधूनमधून येतो. तापट, फटकळ, कर्जबाजारी नसला तरी कायम पैशांच्या विवंचनेत, आणि जॉन्सनचा दोस्त. हा कोण म्हणून शोधायला गेलो आणि त्याच्या नावाशी चिकटलेला एक शब्द हाती लागला. त्या शब्दानं मला आठवडाभर झोप नीट लागू दिली नाही. का, ते शेवटी सांगतो. आधी शब्द.

शब्द आहे 'व्हेर्सिशोल्तायो'. अनेकवचन 'व्हेर्सिशोल्ताई'.

दचकू नका, फोड सोपी आहे. 'व्हेर्सो' म्हणजे कवितेची ओळ. 'शोल्तो' म्हणजे सुटा, मोकळा, दावं सोडलेला. 'व्हेर्सो शोल्तो' म्हणजे यमकाच्या दाव्यातून सोडलेली ओळ, आपण जिला निर्यमक रचना म्हणतो ती. आणि शेवटचा 'आयो' हा धंदा सांगणारा प्रत्यय. भट्टीत पाव भाजणारा तो 'फोर्नायो', जोडे शिवणारा 'काल्त्सोलायो', घड्याळं दुरुस्त करणारा 'ओरोलोजायो'. आपल्याकडे भाजीवाला, पेपरवाला, बांगडीवाला म्हणतात ना, तसं. म्हणजे व्हेर्सिशोल्तायो म्हणजे 'निर्यमकवाला'. हातगाडीवर सुट्या ओळी घालून दारोदार हिंडणारा!

आता गंमत बघा. भाजीवाला म्हणण्यात भाजीवाल्याचा काही अपमान नाही. पण कवीला 'वाला' लावला की त्याची सगळी कळाच उतरते. आपण मराठीत 'कवडा' म्हणून जे काम एका अक्षरात करतो, तेच काम बारेत्तीनं त्या प्रत्ययात केलं. शिवी नाही, वाईट शब्द नाही, काही नाही. नुसती एक शेपटी चिकटवली.

इथे एक खुलासा केलेला बरा, नाहीतर आमच्या भाचेमंडळींचा घोटाळा होईल. निर्यमक म्हणजे मुक्तछंद नव्हे. मुक्तछंदात वृत्ताचंही बंधन नसतं. व्हेर्सो शोल्तोमध्ये वृत्त पूर्ण पाळायचं असतं. इटालियन कवितेची मुख्य ओळ अकरा अक्षरांची, दहाव्या अक्षरावर आघात ठरलेला, आतल्या आघातांचेही संकेत ठरलेले. ते सगळं तसंच ठेवायचं आणि फक्त ओळीच्या शेवटचं यमक सोडायचं. आपल्याला यात नवल वाटू नये. संस्कृत श्लोकाला कुठे यमकाची सक्ती असते? कालिदासाचं अख्खं मेघदूत मंदाक्रांता वृत्तात आहे, पण अंत्ययमक नाही. मराठीत आल्यावर मात्र आपण यमकाचे भक्त झालो. ओवीच्या पहिल्या तीन चरणांत यमक आलं, आणि पुढे मोरोपंतांनी तर आर्येत यमकांची आतषबाजी केली.

इटलीतही असंच होतं. तिथल्या भाषेत बहुतेक शब्द स्वरान्त, त्यामुळे यमकं उदंड. दान्तेनं आपलं महाकाव्य तीन-तीन ओळींच्या साखळीत रचलं, एका कडव्यातलं मधलं यमक पुढच्या कडव्याला जाऊन बिलगतं. आरिओस्तो, तास्सो यांनी आठ ओळींची कडवी घेतली. यमक नाही तर कविता नाही, असा हा रिवाज.

तो मोडायचा पहिला मोठा प्रयत्न केला विचेंझाच्या त्रिस्सिनोनं. (हा तोच, ज्यानं आंद्रेआ नावाच्या एका हुशार पाथरवटाला हाताशी धरलं आणि त्याला पाल्लादिओ हे नाव दिलं. पुढे तो जगप्रसिद्ध वास्तुशिल्पी झाला.) त्रिस्सिनोची 'सोफोनिस्बा' ही शोकांतिका १५१४-१५ च्या सुमारास लिहिली गेली आणि १५२४ मध्ये छापली गेली. त्याचं म्हणणं विचार करण्यासारखं होतं. दुःखानं कळवळलेलं माणूस बोलताना यमकं जुळवत बसत नाही. यमकात योजना दिसते, आणि शोकात योजना दिसली की शोक खोटा वाटतो. शिवाय ग्रीक आणि लॅटिन कवींना यमकाशिवाय चाललं, मग आपल्याला का चालू नये?

पुढे याच त्रिस्सिनोनं 'इटलीची गॉथांपासून मुक्तता' या विषयावर २७ सर्गांचं निर्यमक महाकाव्य लिहिलं. १५४७-४८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. वीस वर्षं खपला बिचारा, आणि काव्य इतकं रटाळ झालं की आज ते अभ्यासकांशिवाय कुणी वाचत नाही. यमकाचं ओझं उतरवलं म्हणून कविता आपोआप चालायला लागत नाही, हा धडा पहिल्याच पिढीत मिळाला होता. पण आन्नीबाले कारोनं याच सुट्या ओळीत व्हर्जिलच्या 'ईनिड'चं भाषांतर केलं. ते त्याच्या मृत्यूनंतर १५८१ मध्ये छापलं गेलं आणि पिढ्यानपिढ्या वाचलं गेलं. म्हणजे दोष ओळीचा नव्हता.

दरम्यान ही सुटी ओळ समुद्र ओलांडून इंग्लंडला पोचली. अर्ल ऑफ सरेनं 'ईनिड'च्या दोन सर्गांचं इंग्रजी निर्यमक भाषांतर केलं. इटालियन नमुने त्याच्या डोळ्यासमोर असावेत असं अभ्यासक मानतात. पुढे शेक्सपिअरची नाटकं मुख्यतः त्याच प्रकारच्या ओळीत आली. मिल्टनचं 'पॅरडाइज लॉस्ट' १६६७ मध्ये निघालं तेव्हा वाचकांनी तक्रार केली की यात यमक का नाही. तेव्हा १६६८ च्या प्रतींत त्यानं एक छोटं स्पष्टीकरण जोडलं आणि त्यात साक्षीला काढले ते इटालियन आणि स्पॅनिश कवी. म्हणजे हे रोपटं मूळचं इटलीचं, आणि वड झाला इंग्लंडात.

आता अठराव्या शतकाच्या इटलीत या. रोममध्ये १६९० साली 'आर्केडिया' नावाची काव्यसभा स्थापन झाली होती. सभासदांनी मेंढपाळांची ग्रीक नावं घ्यायची आणि झरे, कुरणं, गोपिका यांवर कविता करायच्या. मोठमोठे धर्मगुरू, वकील, उमराव, सगळे कागदावरचे मेंढपाळ! गावोगाव तिच्या शाखा निघाल्या. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची मुलगी मठात गेली, कुणाला पदवी मिळाली, की कवितांचं एक पुस्तकच छापून काढायचं. आपल्याकडे लग्नात मंगलाष्टकं रचून छापून वाटायचे, त्याचीच ही शाही आवृत्ती समजा. मी स्वतः नातलगांसाठी निदान पंधरा मंगलाष्टकं रचली आहेत, त्यामुळे या लोकांना हसण्याचा मला अधिकार नाही. असो.

या मंडळींत एक बडं नाव होतं कार्लो इन्नोचेन्झो फ्रुगोनी. पार्माच्या दरबारी कवी. लिखाण अफाट, आणि निर्यमक रचनेवर हात इतका बसलेला की त्याच्या ओळी धबधब्यासारख्या कोसळायच्या. १७५७ च्या अखेरीस व्हेनिसमध्ये एक संग्रह निघाला. नावच 'तीन श्रेष्ठ आधुनिक लेखकांच्या निर्यमक कविता'. तिघे म्हणजे फ्रुगोनी, आल्गारोत्ती आणि जेझुइट पाद्री बेत्तिनेल्ली. शिवाय पुस्तकाला बेत्तिनेल्लीनं लिहिलेली दहा पत्रं जोडलेली, नाव न घालता. स्वर्गातून व्हर्जिल आर्केडियाच्या सभासदांना पत्रं लिहितोय अशी कल्पना. आणि त्यात व्हर्जिल काय सांगतो, तर दान्तेचं महाकाव्य फार लांब आणि ओबडधोबड आहे, त्यातले मोजके तुकडे ठेवा आणि बाकीचं जाऊ द्या!

म्हणजे बघा, दान्तेला कात्री आणि आपल्याला 'श्रेष्ठ आधुनिक'. गदारोळ होणारच. व्हेनिसच्या गास्पारो गोझ्झीनं १७५८ मध्ये दान्तेच्या बचावाचं पुस्तक लिहिलं. सोबतच्या आल्गारोत्तीलाही ही पत्रं आवडली नव्हती म्हणतात. पण फॅशन थांबली नाही. नवशिक्या पोरांना वाटलं, श्रेष्ठ व्हायचं तर यमक सोडायचं. एवढंच पुरे.

आणि इथे आमच्या बारेत्तीचा प्रवेश होतो.

हा १७१९ मध्ये तुरिनला जन्मला. बाप वास्तुशिल्पी. पोरगा लहान वयातच घर सोडून निघाला, कारकुनी केली, कविता केल्या, भांडणं केली. १७५१ ला लंडन गाठलं, तिथे इटालियन शिकवून पोट भरलं, जॉन्सनच्या मंडळात शिरला, आणि १७६० मध्ये इंग्रजी-इटालियन शब्दकोश काढला. मग पोर्तुगाल-स्पेनमार्गे मायदेशी परतला. १ ऑक्टोबर १७६३ ला व्हेनिसमधून त्यानं एक पाक्षिक सुरू केलं. नाव 'ला फ्रुस्ता लेत्तेरारिया', म्हणजे 'साहित्याचा चाबूक'.

स्वतःचं नाव न घालता त्यानं एक पात्र उभं केलं, अरिस्तार्को स्कान्नाबुए. अरिस्तार्को हे प्राचीन अलेक्झांड्रियातल्या होमरच्या कडक टीकाकाराचं नाव, आणि स्कान्नाबुए म्हणजे बैल कापणारा! जग हिंडून आलेला, एक पाय लाकडाचा असलेला हा म्हातारा शिपाईगडी गावी येऊन बसलाय, गावचा पाद्री डॉन पेत्रोनिओ त्याला नवी पुस्तकं आणून देतो आणि हा ती सोलून काढतो. आर्केडियाच्या मेंढपाळांना पहिल्याच अंकात चाबूक बसला. आणि निर्यमक रचना करणारे झाले 'व्हेर्सिशोल्ताई'.

बारेत्तीची तक्रार माझ्या शब्दांत सांगायची तर अशी. ही सगळी आळशांची सोय आहे. यमक शोधताना कवीला थांबावं लागतं, शब्द फिरवून पाहावा लागतो, आणि त्या थांबण्यात कधी कधी नवा विचार सुचतो. ते थांबणंच काढून टाकलं की लेखणी उधळते. मग रिकामी जागा भरायला भपकेबाज विशेषणं, उलटीपालटी वाक्यरचना, ग्रीक देवदेवता. वाचणाऱ्याला वाटतं काहीतरी भव्य आहे, आणि पिळून पाहिलं तर पाणीसुद्धा निघत नाही.

मंडळी, प्रामाणिकपणे सांगा, यात खोटं काय आहे? मी पस्तीस वर्षं मराठी शिकवलं. यमक जुळवताना मुलं 'छान-पान-रान' करतात हे खरं, पण कधीकधी यमकापायीच त्यांच्या हातून एखादी अशी ओळ लिहिली जाते की तीच दचकतात. बारेत्तीला हे माहीत होतं. तो स्वतः हलक्याफुलक्या विनोदी यमकी कविता लिहिणारा माणूस होता. त्याचा राग खोटा नव्हता आणि समोरची माणसंही बव्हंशी तशीच होती. फ्रुगोनीचे ते ढीगभर खंड आज इटलीतही कोण उघडतो?

पण टोमण्याची एक खोड असते. तो माणसाला लागायच्या ऐवजी जातीला लागतो. 'हा कवी आळशी आहे' असं म्हटलं तर पुरावा द्यावा लागतो, पुस्तक उघडून दाखवावं लागतं. 'निर्यमकवाला' म्हटलं की काम झालं, पुस्तक उघडायची गरजच नाही.

आणि नियतीचा खेळ बघा. ज्या १७६३ मध्ये चाबूक निघाला, त्याच वर्षी मिलानमध्ये एक निनावी पुस्तक आलं, 'इल मात्तीनो', म्हणजे 'सकाळ'. पूर्ण निर्यमक. लिहिणारा होता ज्युसेप्पे पारिनी. गरीब घरातला, पाद्री झालेला, आणि मिलानच्या एका ड्यूकच्या वाड्यात मुलांचा शिक्षक म्हणून आठेक वर्षं राहिलेला. म्हणजे आमच्याच व्यवसायातला! १७६२ मध्ये तिथल्या डचेसनं एका संगीतकाराच्या मुलीवर हात उगारला, पारिनीनं मुलीची बाजू घेतली आणि नोकरी गेली. वाड्यात पाहिलेलं सगळं मग त्यानं कवितेत आणलं. एका उमरावाच्या पोराला दिवस कसा घालवावा हे शिकवणाऱ्या गुरुजींच्या तोंडी ही कविता आहे. शेतकरी पहाटे उठून कामाला लागलाय तेव्हा साहेब झोपायला चाललेत. मग उशिरा उठून कॉफी घ्यावी की चॉकलेट, हा दिवसातला पहिला गहन प्रश्न! आणि हे सगळं सांगायचं कोणत्या थाटात, तर व्हर्जिलच्या. लांबच लांब, भारदस्त, ओळीमागून ओळी ओलांडत जाणारी वाक्यं, आणि शेवटी हातात काय, तर पावडर लावलेला केसांचा टोप.

इथे यमक असतं तर काय झालं असतं? दर दोन-चार ओळींनी टाळी पडली असती आणि वाचक हसून मोकळा झाला असता. सुट्या ओळीत टाळीची जागाच नाही. वाक्य संपेपर्यंत श्वास धरून बसावं लागतं, आणि संपल्यावर हसू येतं ते कडवट. १७६५ मध्ये आलेल्या पुढच्या भागात, 'दुपार'मध्ये, एक प्रसंग आहे. बाईसाहेबांची लाडकी कुत्री नोकराला चावते, तो तिला लाथ मारतो. घरात हाहाकार! वीस वर्षं चाकरी केलेला तो नोकर हाकलला जातो, त्याला पुन्हा कुठे काम मिळत नाही, आणि तो बायकापोरांसह रस्त्यावर भीक मागायला लागतो. कुत्रीचा मान मात्र राखला गेला. पारिनी यात कुठेही आवाज चढवत नाही.

मग बारेत्तीनं काय केलं? इथे मला त्याचं कौतुक वाटतं. त्यानं पुस्तक उघडलं आणि वाचलं. आपल्या चाबकात त्यानं 'मात्तीनो'ची तारीफ केली, उमरावांचं हे विडंबन त्याला मनापासून आवडलं. फक्त कवीनं हे यमकात लिहायला हवं होतं, ही हळहळ काही त्याला सोडवली नाही. शब्दाची शेपटी त्याला स्वतःला कापता आली नाही, पण निदान समोरचा माणूस त्या शब्दात मावत नाही हे त्याच्या लक्षात आलं.

चाबूक फार काळ चालला नाही. बारेत्तीनं व्हेनिसचे थोर पूर्वज कार्डिनल बेम्बो यांच्या कवितेवर टीका केली, आणि १७६५ च्या जानेवारीत २५ अंकांनंतर व्हेनिसच्या सरकारनं पाक्षिक बंद पाडलं. त्याआधी बुओनाफेदे नावाच्या एका संन्याशानं बारेत्तीविरुद्ध पुस्तक काढलं होतं, नाव 'इल बुए पेदागोगो', म्हणजे 'मास्तर बैल'. (हे वाचून मी एकटाच बराच वेळ हसत होतो. आमच्या शाळेत असं नाव एकदोघांना शोभलं असतं, मला धरून.) त्याला उत्तर म्हणून बारेत्तीनं अँकोनात आणखी आठ अंक छापले आणि मग कायमचा लंडनला निघून गेला. टोमणा ज्याच्या हातात असतो त्यालाही तो परत येतो, एवढंच.

लंडनला १७६९ मध्ये हेमार्केटच्या रस्त्यावर काही लोक त्याच्या अंगावर आले, यानं खिशातला फळं कापायचा चाकू चालवला आणि एक जण मेला. खुनाचा खटला झाला. साक्षीला कोण कोण, तर जॉन्सन, बर्क, गॅरिक, रेनॉल्ड्स, गोल्डस्मिथ! स्वसंरक्षण म्हणून तो सुटला. रेनॉल्ड्सनं काढलेलं त्याचं एक चित्र आहे. दृष्टी अधू, पुस्तक पार नाकाशी धरलेलं. मला ते चित्र फार आवडलं. जगभर चाबूक चालवणारा माणूस शेवटी असा पानाला डोळा लावून बसलेला.

आणि १७७७ मध्ये याच माणसानं फ्रेंचमध्ये एक निबंध लिहिला, व्होल्तेअरच्या टीकेविरुद्ध शेक्सपिअरचा कैवार घेणारा. शेक्सपिअर म्हणजे निर्यमकवाल्यांचा राजा! त्याचा दोस्त जॉन्सनही निर्यमक रचनेवर नाराजच असे, पण मिल्टनवर लिहिताना १७७९ मध्ये त्यानंही कबूल केलं की मिल्टननं यमक वापरायला हवं होतं असं काही आपल्याला वाटत नाही. दोघांचीही कथा एकच. तत्त्व म्हणून नको, पण हा एक माणूस सोडून. आणि हा दुसरा सोडून.

बारेत्ती १७८९ मध्ये लंडनलाच वारला. त्यानंतर इटलीत जे झालं ते त्यानं पाहिलं नाही. १८०७ मध्ये फोस्कोलोची 'थडगी' ही कविता आली, २९५ निर्यमक ओळींची. शहराबाहेर दफन करा, कबरींचे भपके नकोत, असा नेपोलियनच्या राजवटीचा कायदा, त्या निमित्तानं लिहिलेली. त्यात फोस्कोलो पारिनीसाठी हळहळतो, की मिलानमध्ये या कवीच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नाही. १८१० मध्ये मोन्तीचं 'इलियड' आलं, निर्यमक. आणि १८१९ मध्ये रेकानातीच्या एकवीस वर्षांच्या लेओपार्दीनं 'अनंत' नावाची कविता लिहिली. फक्त पंधरा ओळी. सुनीतापेक्षा एक जास्त, आणि यमक नाही. एक कुंपण, त्यापलीकडे न दिसणारं काहीतरी, आणि ओळीच्या शेवटी न थांबता पुढे वाहणारं वाक्य. इटलीतल्या शाळांत मुलांकडून ती पाठ करून घेतात. ज्यांना निर्यमकवाले म्हणून हिणवलं, त्यांच्याच हत्यारानं त्या भाषेतल्या सर्वोत्तम कवितांपैकी काही घडल्या. आणि 'व्हेर्सिशोल्तायो' हा शब्द आता कोशातच भेटतो.

आपल्या देशातही या रोपट्याची एक फांदी आली. मायकेल मधुसूदन दत्तांनी मिल्टनचा आदर्श ठेवून १८६१ मध्ये बंगालीत 'मेघनादवध' लिहिलं, निर्यमक 'अमित्राक्षर' छंदात. (त्यांना इटालियनही येत होतं!) तिकडे त्याचं 'छुछुंदरीवध' नावाचं विडंबन निघालं. मराठीत सावरकरांनी निर्यमक रचनेसाठी 'वैनायक' वृत्त घडवलं. यमक सोडणाऱ्याला टोमणे खावेच लागतात, भाषा कुठलीही असो.

आता झोप का उडाली ते सांगतो.

१९८४ च्या आसपासची गोष्ट. तालुक्याच्या गावातली शाळा, आणि मी शाळेच्या हस्तलिखिताचा संपादक. म्हणजे मुलांनी कविता, गोष्टी आणून द्यायच्या, मी निवडायच्या, आणि चांगल्या अक्षराच्या मुलींनी त्या रंगीत शाईनं उतरवून काढायच्या. नववीतल्या एका मुलानं कविता आणून दिली. वहीचा फाडलेला कागद, यमकाचा पत्ता नाही. मी ती वर्गातच वाचली आणि म्हणालो, "अरे, ही कविता आहे की वाण्याची यादी?" वर्ग खदखदून हसला. मीही हसलो. कागद परत दिला.

दुसऱ्या दिवसापासून तो 'यादीवाला' झाला.

बघा, मी पण शेपटीच चिकटवली होती. मुलांनी त्यावर 'वाला' लावला, एवढंच. दहावी होईपर्यंत तो यादीवालाच होता. त्यानं मला पुन्हा काही लिहून दाखवलं नाही. मी विचारलंही नाही, कारण माझ्या लेखी काही घडलंच नव्हतं.

मी निवृत्त झाल्यावर एकदा एस.टी. स्टँडवर त्याच्याच वर्गातला एक जण भेटला. वाकून नमस्कार केला, चौकशा झाल्या. मी त्या मुलाचं नाव घेऊन विचारलं, तो काय करतो रे? नाव ऐकून हा क्षणभर गोंधळला. मग म्हणाला, "हां सर, यादीवाला होय! तो मुंबईला असतो." पंचवीस वर्षं उलटली होती. नाव विसरलं होतं, टोमणा शाबूत होता.

बारेत्तीबद्दल वाचताना मी त्या कवितेची आठवण काढायचा फार प्रयत्न केला. वस्तूंची नावं होती, एवढं आठवतं. पाटा, कंदील, कोंबड्यांचं खुराडं, एक सायकल. एकाखाली एक. पण त्या वस्तू घरात होत्या, की एकेक करून घरातून गेल्या होत्या, हे मला सांगता येत नाही. त्या दोन-तीन वर्षांत आमच्या भागात पाऊस नव्हता, आणि लोक काय काय विकत होते ते मी डोळ्यांनी पाहत होतो. ती यादीच असेल कदाचित. पण यादी कशाची, हे मी वाचलं नाही. यमक नाही हे पाहिलं आणि थांबलो.

बारेत्तीनं निदान पारिनीचं पुस्तक शेवटपर्यंत वाचलं होतं.

परवा माळ्यावरून जुनी हस्तलिखितं काढली. शाळेनं ती रद्दीत टाकायला काढली तेव्हा मी उचलून आणली होती. ८४ च्या अंकात एकूण एकोणीस कविता आहेत. झाडं, पाऊस, माझी आई, माझा देश. सगळ्यांना यमक आहे. त्याची कविता त्यात नाही. असणार कशी? मीच घेतली नव्हती.

मुंबईतल्या भाचेमंडळींना त्याचं नाव फोनवर सांगितलं आहे. शोधा म्हटलंय. सापडला तर काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही. बहुधा इतकंच विचारीन, की त्या सायकलचं पुढे काय झालं.

असो. बॉस्वेलची अजून दोनशे पानं शिल्लक आहेत. तब्येतीला जपा.